सासूबाई बेसवर आहेत

विमानतळावर लहानथोर सगळेच त्यांना सासूबाई म्हणत, कारण त्यांना विमान शिकवणारा मास्तर त्यांचा सख्खा जावई होता.

उभा जन्म त्यांनी लोकांचे केस कापण्यात घालवला. दुकान लेकीच्या हवाली केलं आणि जाहीर केलं, "आता मी विमान शिकणार." लेक पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं, की गावात विमान शिकवणारा एकच माणूस आहे आणि तो आपला नवरा आहे.

जावई चांगलाच पेचात पडला. इतर शिष्यांवर तो खेकसायचा. सासूबाईंना मात्र "आई, नाक जरा खाली घेता का?" असं विनवायचा, आणि वाक्य संपेपर्यंत नाक आणखी वर गेलेलं असायचं. तरी हाताने त्या पक्क्या होत्या. घोडं अडलं ते रेडिओवर.

त्या छोट्या धावपट्टीला विमानांना सूचना देणारा टॉवर नव्हता. उतरण्याआधी धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची आणि आपण चौकोनाच्या कुठल्या बाजूवर आहोत ते रेडिओवर सांगायचं, म्हणजे बाकीचे वैमानिक सावध राहतात. वाऱ्याला तोंड करून उडायचं आणि डावीकडे वळायचं, की क्रॉसविंड. पुन्हा वळून धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने जायचं, ती डाउनविंड. तिथून आत वळलं की बेस, आणि धावपट्टी नाकासमोर आली की फायनल. सासूबाई सांगायच्या, "मी आमच्या दुकानाच्या छपरावर आहे."

"आई, दुकान नाही. बाजूचं नाव."

"बरं. पण क्रॉसविंडला वारा कुशीतून येतो, तसा बेसलाही येतो. मग दोन नावं कशाला?"

"एक जातानाची बाजू, एक येतानाची."

"मग सरळ चालले आणि आले म्हणा की!"

एका सकाळी बेसवर असताना त्या आपल्या विमानाचा नंबर घेऊन ठसक्यात बोलल्या, "दोन-सात, क्रॉसविंड." जावई नेमका वेगाच्या काट्याकडे बघत होता, त्याचंही लक्ष गेलं नाही. खाली दातांचे डॉक्टर आपलं पिवळं विमान घेऊन खोळंबले होते. क्रॉसविंड म्हणजे सासूबाई अजून लांब आहेत, असं समजून ते निवांत धावपट्टीवर आले. सासूबाई फायनलला वळल्या, तर समोर पिवळं विमान!

"आई, वर!" जावई ओरडला. विनवणी बिनवणी सगळी विसरला. सासूबाईंनी इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा पुढे रेटला आणि विमान गुरगुरत वर चढलं.

खाली उतरल्यावर डॉक्टर भेटले. चेहरा पांढराफटक. "काकू, दर महिन्याला मी तुमच्या कात्रीखाली मान देत आलोय. आज मात्र खरंच गेली होती."

सासूबाईंनी माफी मागितली. "चूक माझीही आहे," असं जावई परत परत म्हणत होता, पण त्यांचं समाधान होईना. हसण्यावारी नेलेल्या त्या नावांवर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो, हे त्यांना आता कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर केस कापायला आले. लेक दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेली, म्हणून सासूबाईंनीच कात्री हातात घेतली. डॉक्टर पंख्याकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या उजव्या अंगाला सासूबाई पंख्यासमोर उभ्या राहिल्या, डावीकडे वळल्या आणि एकदम थबकल्या. वारा उजव्या कानाला लागत होता. खुर्चीला वळसा घातला, वारा पाठीवर आला. पुन्हा वळल्या, आता डाव्या कानाला!

"उजवा कान क्रॉसविंड, डावा कान बेस!" त्या किंचाळल्या.

डॉक्टर दचकून उठायला लागले.

"हलू नका. तुम्ही धावपट्टी आहात."

फणी तोंडाशी धरून सासूबाईंनी खुर्चीभोवती घिरट्या घालायला सुरुवात केली. कधी "दोन-सात, डाउनविंड," कधी "दोन-सात, बेस." मध्येच एखादी बट कापायच्या. घाईतलं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. लेकीने कपाळावर हात मारला. डॉक्टर मात्र रंगात आले आणि चूक झाली की खुर्चीतूनच ओरडू लागले, "कान कुठला?" त्या दिवशी त्यांचे केस एका बाजूला अंमळ जास्तच कापले गेले.

मग एकटीने उडायचा दिवस आला. जावई खाली रेडिओ घेऊन उभा, घामाने निथळलेला. आवाज येत गेले. क्रॉसविंड, बरोबर. डाउनविंड, बरोबर. आता बेसची पाळी. लेकीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"दोन-सात, बेस."

"ऐकलं, काकू," पिवळ्या विमानातून उत्तर आलं. "मी इथेच थांबलोय. सावकाश या."

"दोन-सात, फायनल."

विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि सरळ धावत गेलं. जावई पळत पोचला तेव्हा सासूबाई आत बसून स्वतःशीच खुदुखुदु हसत होत्या.

"आई, अजून एक फेरी जमेल?"

"जमेल की. पण थोडं थांबा, जावईबापू. माझे गुडघे अजून वरच आहेत, ते उतरू देत."