थांबायची निशाणी

खलीलला तोतरा म्हणून हसणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही. पनवेलच्या बाजारात त्याच्या वडिलांचं अत्तराचं दुकान, त्याला लागून माझं सायकलचं. त्याची अखंड बडबड मी रोज ऐकत होतो.

एकोणनव्वद साली दुबईच्या एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर घेणार असं कळलं. ती नोकरी लागली तरच ताहिराचे अब्बा तिचा खलीलशी निकाह लावून देणार होते. खलीलचं इंग्रजी कच्चं, म्हणून त्याच्या मामाने कुवेतहून जाडजूड डिक्शनरी पाठवली. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे उच्चार दिलेला. त्यातली चमत्कारिक अक्षरं खलीलने हायस्कूलच्या मास्तरांकडून समजून घेतली. मधेच वर एक बारीक उभी रेघ असायची. तिच्याबद्दल मात्र त्याने विचारलंच नाही, कारण ती आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटलं. लहानपणापासून तो कुराण पढत आलेला. ओळीवर बारीक निशाणी दिसली की थांबायचं, हे उस्तादांनी अंगवळणी पाडलेलं. मोहल्ल्यात त्याच्यासारखं पठण कुणाचं नव्हतं.

"टु... मॉरो. रि... सेप्शन." दिवसभर हेच चालायचं.

"मधेच का रे थांबतोस?" मी विचारलं.

"सुभाषभाई, निशाणी हाय ना तिथं. तिथं नाय थांबला तर पढणं गलत होतं."

मुंबईला मुलाखतीत साहेबांनी दोन वाक्यं ऐकली आणि सांगितलं, "फोनवर तोतरा माणूस चालत नाही." सोबत गेलेल्या पोरांनी ही बातमी खलीलच्या आधी बाजारात पोचवली.

माझी बहीण प्राजक्ता तेव्हा कॉलेजात होती. तिने डिक्शनरीची पहिली पानं वाचून दाखवली. रेघ म्हणजे पुढच्या भागावर जोर द्यायचा, थांबायचं नाही. हे सगळं बारीक टाइपात आणि इंग्रजीत. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने आधी इंग्रजी वाचावं, मग उच्चार शिकावा. असल्या शहाणपणाला आग लागो.

खलील डिक्शनरी घेऊन ताहिराच्या अब्बांकडे गेला, सोबत मी. त्याने पान उघडून सगळं समजावलं, कुठेही न अडखळता. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू तोतरा नाय, कबूल," ते म्हणाले. "पण बेटा, इतके महिने जो गलत पाठ करत बसला आणि कुणाला विचारलं नाय, त्याच्या हवाली मी पोरगी कशी करू?"

खलीलने डिक्शनरी मिटून काखेत घेतली. त्याच वर्षी ताहिराला उरणला दिली. निकाहच्या जेवणाचं आमंत्रण आम्हा दोघांनाही होतं.