साळवे सिस्टर आणि सोनाबाईंचा पेला

साळवे सिस्टरांशी माझी पहिली ओळख झाली ती बोलणी खाऊनच. अंबडच्या कारखान्यात मशीनवर बोट कापलं, म्हणून मी मिशनच्या दवाखान्यात गेलो होतो. माझ्यापुढे एक दारुडा डोकं फोडून घेऊन बसलेला. "सिस्टर, मी कामावरून आलोय, आधी माझं बघा," मी म्हणालो. मान वर न करता त्यांनी त्याची जखम धुतली. "तुमच्या कंपनीत मालावर शिक्का मारतात ना? यांच्यावरही देवाने मारलाय. चिखल लागला म्हणून तो पुसला जात नाही. बसा." मी बसलो.

मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडला, हे आम्ही ख्रिस्ती माणसं लहानपणापासून घोकतो. सिस्टरांनी ते घोकलेलं मी फारसं ऐकलं नाही. सगळ्या नोकरीत त्यांनी एकाही रुग्णाला खाटेच्या नंबराने हाक मारली नाही. बेशुद्ध माणसाचंही नाव नातेवाइकांना विचारून घेत आणि त्याच नावाने त्याच्याशी बोलत. दोष सांगायचा तर चहा इतका गोड करतात, की मधुमेहवाल्यांनी त्यांच्या घरी न गेलेलंच बरं.

पुढे मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सेवक झालो. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीसाठी, द्राक्षांचा रस काढणं, पेला पुसणं ही माझी कामं. आमच्याकडे सगळे एकाच पेल्यातून घेतात. पेठकडच्या सोनाबाई तेव्हा नव्याने येऊ लागल्या होत्या. कुष्ठरोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या, पण बोटं झडलेली. दोघातिघांनी कुजबुज केली आणि मी शहाण्याने त्यांच्यासाठी वेगळा स्टीलचा ग्लास ठेवला. सोनाबाईंनी ग्लासाकडे पाहिलं आणि न पिताच त्या उठून गेल्या. पुढच्या रविवारी आल्याच नाहीत.

सिस्टरही आमच्याच मंडळीतल्या. त्या माझ्या घरी आल्या. आवाज चढवला नाही. "चूक तुमची, तेव्हा जायचंही तुम्हीच. फळंबिळं नेऊ नका. कीव करायला जाणार असाल, तर जाऊच नका."

मी गेलो. "सोनाबाई, माझं चुकलं." त्यांनी चहा केला, दोन्ही थोट्या हातांत कप धरून आधी स्वतः घोटभर घेतला आणि तोच कप माझ्यापुढे केला. "पिशील का?" सांगायला लाज वाटते, पण माझा हात क्षणभर अडला. मग मी प्यायलो.

"येईन मी," त्या म्हणाल्या. "पन तो गिलास नाय पायजे."

रविवारी त्या वेदीपुढे गुडघे टेकून बसल्या. सिस्टर नेहमी पहिल्या रांगेत असत. त्या दिवशी मागे थांबल्या आणि सोनाबाईंच्या लगेच नंतर येऊन बसल्या. पेला सोनाबाईंच्या ओठांवरून त्यांच्याकडे आला, त्यांच्याकडून माझ्याकडे. कुजबुज करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ उठून गेले. बाकीचे रांगेत आले.

सिस्टरांना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, अशी मी प्रार्थना करतो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. मागच्याच महिन्यात चर्चच्या पायरीवर बसलेल्या एका माणसाला ओलांडून मी घाईने आत निघालो होतो. मागून सिस्टरांची काठी वाजली. "अहो, त्यांचं नाव विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. देवा, ही काठी अजून पुष्कळ वर्षं आमच्या मागे वाजू दे.