बिनफोडणीचे दिवस

"टायफॉइड आहे," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या उशाशी बसलेल्या शेजारच्या गोदाकाकूंनी चक्क सुटकेचा श्वास सोडला. पोटावरचे गुलाबी ठिपके पाहून त्या दोन दिवस 'देवी आल्या' म्हणत होत्या. दाराला कडुलिंबाचा डहाळाही बांधून झाला होता.

डॉक्टरांनी समजावलं. टायफॉइड म्हणजे आतड्यांचा ताप. आत जखमा होतात. ताप तीन आठवडे रेंगाळतो, पण खरा धोका तो उतरल्यावर. भूक खवळते, रोगी चोरून काहीतरी खातो आणि आतडं फाटतं. "ताप गेल्यावर बारा दिवस दाण्याला शिवायचं नाही. भाकरीचा एक घास, और खेल खतम."

आम्ही रत्नागिरीकडचे. हे हिंगोलीत कापसाच्या जिनात कारकून, म्हणून निजामाच्या राज्यात येऊन पडलो. मुलूख परका, अंमल परका. दोन वर्षं मी गल्लीला नावंच ठेवली. दारं सताड उघडी, कुणीही आत येऊन काय शिजवलं विचारणार. आणि ती मिरचीची फोडणी! दोन्ही वेळा ठसक्याने माझा जीव जाई. मी आपलं दार लावून घेत असे.

आता त्याच बाया आळीपाळीने माझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होत्या. निम्म्यांची मला नावंही ठाऊक नव्हती. पोटात ताकाची निवळ, बार्लीचं पाणी, मोसंब्याचा रस. खात्रीसाठी रक्त तपासायला हैदराबादला गेलं. निकाल टायफॉइडचाच आला, तेव्हा मला शुद्ध नव्हती.

तेविसाव्या दिवशी ताप गेला आणि भूक आली. अशी भूक शत्रूलाही नको. एका दुपारी भिंत धरधरून मी स्वयंपाकघरात गेले. डबे रिकामे! काकूंनी सगळं आपल्या घरी नेलं होतं. यांचं जेवणही तिकडेच होतं. हताश होऊन दारात बसले. ऐन जेवणाची वेळ, पण गल्लीत फोडणीचा वास म्हणून नाही. घाबरलेच. तापाने नाक गेलं की काय?

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसायला लागले. "नाक बराबर आहे तुमचं. काकूंना विचारा."

काकू ओशाळल्या. "देवी आल्या की आमच्या गल्लीत कुनी तेल तापवत न्हाई. म्हून बंद केलं व्हतं. मंग डॉक्टर म्हनले, देवी न्हाई. पन वासानं तुमाला खाऊ वाटलं असतं, मंग तसंच चालू ठिवलं. समदे उकडलेलंच खाऊन राहिलेत."

"एवढं काहून केलं?" 'का' म्हणायचं ते त्यांचंच 'काहून' माझ्या तोंडी आलं.

"काहून म्हंजी? तुमचं हितं दुसरं कोन हाय?"

मी रडले, आणि ते लपवलं नाही. ज्यांच्या घरी हा ताप येईल त्यांना एवढंच सांगते: रोग्याच्या शब्दावर जाऊ नका, डबे घराबाहेर हलवा. आणि शेजाऱ्यांशी आधीपासून बरं वागा. माझ्यासारखं नशीब सगळ्यांचं नसतं.

बारा दिवस सरल्यावर डॉक्टरांनी मऊ भात दिला. दोन घास गेले. काकूंनी दारातून आरोळी ठोकली, "भात खाल्ला वो बाईनं!" आणि घरोघर तेल चुरचुरलं. मिरचीचा धूर आला नि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा.

काकू धावत आल्या. "दार लावू का वो बाई?"

"नको," मी म्हटलं. "उघडंच असू द्या."