दोन बारा नंबर

पोस्टमनबाईंना आडनाव आहे, पण ते पेन्शनच्या कागदावर. गल्लीला त्या पोस्टमनबाई म्हणूनच माहीत. नोकरीला लागल्या तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, आत बसून शिक्के मारा. उन्हात कुठे हिंडता?" बाई म्हणाल्या, "ऊन काय पुरुषांसाठी राखून ठेवलंय?" आणि पिशवी खांद्याला लावून चालू पडल्या. एकतीस वर्षं चालत राहिल्या.

त्यांच्या दोन्ही सुना एकाच छापखान्यात पानं लावायच्या. छापखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, तशी दोघींच्या नोकरीवर गदा आली. मालकाने एक वाट ठेवली. "घरी दोन कॉम्प्युटर जोडून दाखवा. थोरलीने पान लावायचं, धाकटीने त्याच पानातल्या चुका लगेच काढायच्या, छापून तिथेच बाहेर. शनिवारी दहाला येतो. चाललं तर काम तुमचं, नाहीतर मी दुसरी माणसं बघतो."

दोघींनी जुने दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आणला. एक कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, एक जिन्याखाली. भिंतीला भोक बाईंनी स्वतः पाडलं, वायर पट्टीतून सरळ रेषेत नेली. शुक्रवारी दुपारी कॉम्प्युटरच्या दुकानातला तंत्रज्ञ आला. राउटर लावला, दोन्ही मशीनवर त्यांच्या नेटवरच्या पत्त्याचे आकडे खटाखट टाकले. बाहेरचं चालू झालं. जिन्याखालचं चालू केलं, तर त्याला ना नेट मिळे, ना प्रिंटर दिसे.

"वायर गेलीय," तो म्हणाला. "भिंतीतून ओढताना तुटली असणार. राउटरही मोठा लागेल. सगळं नवीन घ्या. सोमवारी येतो."

"सोमवारी काय आमचं तेरावं घालायला येणार?" धाकटी म्हणाली.

"वायर मी ओढलीय," बाई म्हणाल्या. "ती तुटलेली नाही."

"आजी, हे तुमचं काम नाही. हात नका लावू."

"तुझी आजी तुझ्या घरी. मला बाई म्हण."

बाईने पक्कड हातात घेतली की काहींच्या पोटात दुखतंच. त्याला औषध नाही. बाईंनी स्टूल ओढलं, वही काढली. टपालात त्यांची एक सवय होती. पत्र चुकलं की आधी बोंब मारायची नाही, ते कुठून कुठे गेलं हे लिहून काढायचं.

"दोन्ही बंद कर. आता जिन्याखालचं आधी लाव, बाहेरचं मागून."

"त्याने काय होणार?"

"लाव तर खरं."

त्याने तोंड वाकडं करत लावलं. या खेपेला जिन्याखालचं सुरळीत चाललं आणि बाहेरचं रुसलं. पडद्यावर एक चौकट आली. तंत्रज्ञाने सवयीने ती मिटवायला हात नेला.

"थांब! मघाशीही मिटवलीस. थोरले, वाच गं."

थोरलीने वाचलं. हा पत्ता दुसरं मशीन वापरतंय, असं त्यात होतं.

बाई हसल्या. "वायर तुटली असती तर दर वेळी जिन्याखालचंच अडलं असतं. इथे मागून येणाऱ्याला दार बंद! दोघांचे आकडे दाखव." दोन्हीकडे आकड्यांची तीच रांग, शेवटी तोच बारा. "माझ्या हद्दीत एका गल्लीत दोन बारा नंबर होते. एकाचं पत्र दुसऱ्याकडे, रोजची भांडणं. शेवटी मीच रंगाचा डबा घेऊन एका दारावर 'बारा अ' रंगवलं. तू दोघांना एकाच दाराची पाटी दिलीस, लेका."

तंत्रज्ञाचे कान लाल झाले. "घाईत एकाचेच आकडे दुसऱ्यात टाकले."

"घाई होते. पण खापर माझ्या वायरीवर? या बाहेरच्याला तेरा दे. तेरात कोणी राहत नाही ना, ते आधी बघ."

त्याने बघितलं. तेरा रिकामा होता. आकडा बदलला आणि दोन्ही मशीनं एका वेळी चालू झाली. प्रिंटरने पहिला कागद बाहेर टाकला तशी धाकटीने सासूला घट्ट मिठीच मारली. "सोड गं, चष्मा मोडेल," बाई म्हणाल्या, पण त्यांनी स्वतः काही तिला सोडलं नाही.

शनिवारी दहाला मालक आला. थोरलीने पान लावलं, जिन्याखालून धाकटीने तीन चुका पकडल्या, पान छापून त्याच्या हातात पडलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं. "सोमवारपासून पानं पाठवतो," म्हणाला. मग भिंतीवरच्या सरळ वायरीकडे बघत विचारलं, "कुठल्या कंपनीकडून बसवून घेतलंत?"

"कंपनी कसली?" थोरली म्हणाली. "आमच्या पोस्टमनबाईंनी बसवलं." एरवी ती त्यांना आई म्हणते.

मालक बाहेरच्या मशीनला टेकून नीट बघू लागला. तेवढ्यात आतून बाई ओरडल्या, "टेकू नका हो! नंबर आजच सकाळी रंगवलाय, ओला आहे!"

उशीर झाला होता. त्याच्या पांढऱ्या बाहीवर लाल तेरा उलटा उमटला होता.