दर चोवीस दिवसांनी

रुग्णालयात तिला सगळे ड्यूटीबाई म्हणत. परिचारिका, रखवालदार, स्वयंपाकी, सव्वादोनशे माणसांच्या सुट्ट्या तिच्या संगणकात होत्या. त्यात तारखा भरलेल्या नव्हत्या, नियम होते: आज अमक्याची सुट्टी, तर आठ दिवसांनी पुन्हा त्याची सुट्टी. त्यामुळे नुसतं 'याच्या सगळ्या सुट्ट्या सांग' म्हटलं की यादी धावत सुटायची, थांबायचीच नाही. मग एकेक महिना विचारावा लागे. शेवटी तिने खटपट करून संगणकाला थोडक्यात बोलायला शिकवलं. आता एका ओळीत उत्तर येई: पहिल्या दिवसापासून, दर आठ दिवसांनी.

"बाई, यादी कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"हीच यादी. संपत नाही, म्हणून घडी घालून ठेवलीय."

तिचा नवरा वीजकेंद्रात. त्याला दर सहा दिवसांनी सुट्टी; तोही नियम तिने संगणकात घालून ठेवला होता. ती या कामावर आल्यापासून तीन वर्षांत दोघांची सुट्टी एका दिवशी आली नव्हती. दर महिन्याला ती जुन्या सवयीने त्या महिन्यापुरतं संगणकाला विचारी. या महिन्यात नाही, असं उत्तर आलं की पुढच्या महिन्याची वाट बघे. एका दुपारी डबा खाता खाता तिने महिना न घालताच विचारलं. उत्तर लगेच आलं: एकही दिवस नाही.

तिने कागदावर आकडे मांडले. तिचे दिवस एक, नऊ, सतरा. त्याचे दोन, आठ, चौदा. तिचे सगळे विषम, त्याचे सगळे सम. निवृत्तीपर्यंत मोजलं तरी गाठ पडणार नव्हती.

औषधभांडारातल्या कारकुनाची सुट्टी तिच्या दुसऱ्या दिवशी असे; त्याला गळ घालून तिने दिवसांची अदलाबदल केली आणि आपली सुट्टी कायमची एक दिवस पुढे नेली. पुन्हा विचारलं. येत्या गुरुवारपासून, दर चोवीस दिवसांनी.

घरी तिने काहीच सांगितलं नाही. गुरुवारी तो उठून स्वयंपाकघरात आला.

"बरं नाही का?"

"सुट्टी आहे."

"आज तर माझी असते."

"आता माझीही."

"अरे वा," म्हणत त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सुट्टीला तो मित्राच्या घरी पत्ते खेळतो, तिथेच जेवतो, हे तिने ऐकलेलं होतं. तिथे जायला त्याला तयार होताना ती पहिल्यांदाच बघत होती.

"चौघांचा डाव असतो, मी नाही गेलो तर मोडेल," दारात चपला शोधत तो म्हणाला. "तू आराम कर. तुला तरी कुठे मिळतो."

दोघांपुरती भाजी चिरून झाली होती. तिने निम्मी झाकून ठेवली, निम्मी केली आणि ओट्यापाशी उभ्यानेच जेवली. दुपारी कपाट आवरायला काढलं. ते तासाभरात आवरून झालं.

तो दिवेलागणीला आला. "पुढची कधी आहे अशी?"

"चोवीस दिवसांनी. मग पुन्हा चोवीस."

"आधी सांगत जा," शर्टाची बटणं काढत तो म्हणाला. "म्हणजे तसं ठरवता येईल."

तसं म्हणजे कसं, हे तिने विचारलं नाही.

सकाळी कारकून तिच्या टेबलापाशी आला. "ताई, परत जुनाच दिवस हवा असेल तर आत्ताच सांगा."

"नको," ती म्हणाली. "राहू दे हाच."