बसून चव्वेचाळीस

गुण्यामामाच्या घरात पाऊल टाकलं की आधी नजरेत भरायचं ते स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार. बिजागरी तुटलेली आणि दार सुतळीने बांधलेलं. बारा वर्षं! आणि घरधनी कोण, तर सुतार. तोही ऐरागैरा नाही. काटकोन तपासायचं लोखंडी अवजार असतं ना, गुण्या, ते कायम याच्या मागच्या खिशात खोचलेलं. कुणाकडे जेवायला गेला तरी टेबलाचा कोपरा तपासल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्यावरूनच हे नाव पडलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मामी म्हणायची, "लोकांना महाल बांधून द्या. मला आपली सुतळी आणा." तो हसायचा आणि पुढच्या महिन्यावर ढकलायचा.

मग त्यांच्या लेकीने नवा टीव्ही आणला आणि भिंतीवर लावून घेतला. मामीने मान तिरकी करून बघितलं. "चांगला आहे गं. पण उघडाबोडका वाटतो. चारी बाजूंनी लाकडाची चौकट हवी, वेलबुट्टीची. खाली एक फळी, चष्मा-बिष्मा ठेवायला."

"मग बाबांना सांग ना."

"सांगते की. दाराचं सांगितलं होतं, ते झालंच आहे," मामी म्हणाली, आणि दोघी सुतळीकडे बघून खो खो हसल्या.

त्याच वर्षी मामीची कंबर धरली. धरली ती सोडेचना. तपासण्या झाल्या, आणि पोटातलं जुनं दुखणं पाठीच्या हाडांत पोचलंय असं निघालं. टीव्हीच्या खोलीत पलंग आणला. खोली एवढीशी, पलंगाचं पायथ्याचं टोक टीव्हीच्या भिंतीला जवळजवळ भिडलेलं. डोकं जरा उचललं की कळ जायची, म्हणून उशीसुद्धा पातळ. डॉक्टरांनी बापलेकीला बाहेर बोलावून सांगितलं, की त्या आता उठून बसतील असं वाटत नाही. लेक तोंडाला ओढणी लावून रडली. मामा म्हणाला, "डॉक्टर शिकलेले आहेत, पण त्यांना ही कुठे माहीत आहे!"

आता हे काय बोलणं झालं? पण हट्टी माणूस घाबरला की दुप्पट हट्टी होतो. दुसऱ्याच दिवशी त्याने टीव्हीच्या चौकटीला हात घातला.

आणि काय काम केलं म्हणता! ठेवणीतल्या सागाच्या फळ्या काढल्या. मागच्या पडवीत रंधा चालू झाला की मामीला खोलीतून ऐकू यायचं, आणि आवाज थांबला की ती हाक मारायची, "चहा घेतलात का?" वेलाचं एकेक पान त्याने पटाशीने कोरलं. एक पान जरा जाड वाटलं म्हणून अख्खी पट्टी बाजूला टाकली आणि नवी घेतली. खालची फळी वीतभर पुढे काढली. पॉलिशचे पाच हात दिले. गिऱ्हाइकाला तीन देतात.

लावायच्या दिवशी मात्र पडवीत बापलेकीचं वाजलं.

"बाबा, टीव्हीच खाली घ्या. आणि वरून जरा पुढे झुकवा. आई आडवी असते ना."

"आज आडवी आहे म्हणून काय जन्मभर आडवी राहणार आहे? पाठीला दोन उशा लावून बसायला लागली की मान मोडेल तिची, खाली वाकून वाकून."

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले..."

"तू मला माप शिकवू नकोस!"

एवढ्या मोठ्याने ओरडला तो, की खोलीत पलंगावर पडलेल्या मामीला सगळं ऐकू गेलं. तिथूनच ती म्हणाली, "अगं, लावू दे त्यांना. चाळीस वर्षं हेच करताहेत." लेक पाय आपटत निघून गेली. मामाने आपल्या मापाने टीव्ही आणि चौकट लावली, चारी कोपरे गुण्या लावून तपासले आणि मागे सरकून विचारलं, "दिसतंय ना नीट?"

"छान दिसतंय हो," मामी म्हणाली.

रोज संध्याकाळी तो मालिका लावून द्यायचा आणि रोज विचारायचा. रोज हेच उत्तर. सात आठवडे. मधेच तो म्हणायचा, "थंडी सरली की बसशील तू." ती म्हणायची, "हो हो, बसेन की." शेजारचा वायरमन चौकट बघायला आला तेव्हा मामीने पडल्या पडल्या कौतुक केलं, "बघा, लग्नाला छत्तीस वर्षं झाली तेव्हा कुठे घरात सुतार शिरला."

मग मामीला सलाइनसाठी दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. लेक तिच्याजवळ थांबली. मामा घरी आला, तो पलंग दुरुस्त करायला. पलंग कुरकुरत होता, आणि मामीला कूस बदलून देताना त्या आवाजाचीच त्याला भीती बसली होती. कुरकुर कुठून येते ते कळेना, म्हणून चपला काढून तो स्वतःच तिच्या जागी आडवा झाला. डोकं तिच्या पातळ उशीवर टेकलं. एक पाय हलवला, दुसरा हलवला. आवाज पलंगाच्या डाव्या पायातून येत होता. सापडला म्हणून उठणार, तेवढ्यात समोर नजर गेली.

टीव्ही त्याने आल्या आल्या सवयीने लावला होता, आवाज बंद करून. वरून, उभ्याने बघितलं तर कसा स्वच्छ! इथून, खालून तिरकं बघताना, पडदा काळवंडलेला. बातम्या सांगणाऱ्या बाईला नाक ना डोळे, नुसता कोळसा. खालची बोट-दोन बोटं तर फळीच्या आड गेलेली. वेल? वेलाचं एकही पान इथून दिसत नव्हतं. दिसत होती ती फळीची खालची बाजू, आणि ती कोरडी होती. खालच्या बाजूला कुणी सुतार पॉलिश मारत नाही, ती बघायला येतो कोण? त्या कोऱ्या लाकडावर त्याचंच पेन्सिलीचं अक्षर होतं, ती बसली की डोळे जमिनीपासून किती इंचांवर येतील ते काम चालू असताना टिपलेलं, ठळक: "डोळे, बसून ४४".

सात आठवडे ती हे वाचत होती.

छान दिसतंय हो, छान दिसतंय हो! काय दिसत होतं तिला? "गाढवा," तो मोठ्याने म्हणाला, "अरे गाढवा!" रिकाम्या घरात ऐकायला कुणी नव्हतं. पलंगाचा पाय घट्ट करायचं विसरून तो तसाच कितीतरी वेळ पडून राहिला.

चौकट त्याच दिवशी खाली घेता आली असती. हत्यारं हाताशी होती. पण माणसाचं माप घेतल्याशिवाय माणसासाठी वस्तू लावायची नाही, हा त्याचा जन्माचा नेम होता, आणि तिच्या आडव्या डोळ्यांचं माप त्याने कधी घेतलंच नव्हतं. म्हणजे ते तिच्या समोर घ्यावं लागणार होतं.

मामी घरी आली. लेक औषधं आणायला गेली. दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. मामा टेप घेऊन खाली बसला, एक टोक फरशीला टेकवलं आणि दुसरं हळूच तिच्या डोळ्याच्या कडेपर्यंत नेलं. तिने डोळे तिरके करून टेपकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"माप झोपून घेताय?"

त्याने मान हलवली.

"किती?"

"तेवीस."

"म्हणजे आता मी उठत नाही, हे तुम्हालाही कळलं तर."

"तू बोलली का नाहीस गं? सात आठवडे! मान दुखली असेल तुझी."

"तुम्ही एवढ्या हौसेने करत होतात. थंडी सरली की बसशील म्हणत होतात. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? मग मीही हो म्हणत राहिले." तिने त्याच्या हातातला टेप बाजूला सारला आणि त्याचा हात धरला. "पण अहो, मला एकटीला फार भीती वाटत होती."

मामा पलंगाच्या काठावर डोकं टेकून रडला, लहान पोरासारखा, हुंदके देत. ती त्याच्या पांढऱ्या केसांतून बोटं फिरवत राहिली आणि तीही रडली. त्या दुपारी चौकट खाली आलीच नाही. भीती कसली वाटते, रात्री वाटते की दिवसा, दुखेल याची की पुढे काय याची, हे तो तिला पहिल्यांदा विचारत होता, आणि ती सांगत होती.