खाऱ्या पिंपावरचं रोम

खाऱ्या सुरमईचा वास आला की मला रोम आठवतं. लग्नात कॉलेजच्या बाईंनी मला प्राचीन रोमच्या इतिहासाचे सहा जाडजूड खंड दिले होते. श्रीवर्धनच्या सासरी दुपारी मासळी निवडून झाली, की बोटांचा वास जाईपर्यंत हात घासून मी पहिला खंड उघडायची. जेमतेम चार राजे झाले, तोवर पावसाळ्यासाठी मासे खारवायचे दिवस आले. एका सकाळी बघते तर पिंपात मीठ लावलेल्या माशांवर फळी आणि फळीवर दाबाला सहाही खंड. “दगड हलका पडत व्हता,” सासू म्हणाली. नवरा हसला, “बुडालेलं राज्य, कामाला तरी आलं!” मिठाच्या पाण्यानं पानं फुगून चिकटली, मासे मात्र घरानं पावसाळाभर मिटक्या मारत खाल्ले. काल मुलीनं विचारलं, “आई, रोम कसं बुडालं गं?” मला काय ठाऊक? मी तिथवर पोचायच्या आधीच घरच्यांनी त्याचा दगड केला.